सोलापूरचा नॅपकिन

त्याला स्वतःचं नाव नाही. कोपऱ्यावर काळ्या मार्करने लिहिलेली दोन अक्षरं आहेत, तीही धुऊन धुऊन राखाडी झालेली, आणि ती त्याची नव्हेतच, माझ्या भाचीची आहेत. रंग एकेकाळी पोपटी असावा. आता त्या रंगाला कापडाचा दुकानदारही नाव देणार नाही. एका कडेची शिवण उसवलेली, तिथून चार-दोन धागे कायम बाहेर डोकावत असतात. जन्म सोलापूरचा, टेरी टॉवेलच्या मोठ्या घराण्यातला. घरात आला तो कुठल्याशा लग्नाच्या आहेरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुळ्या भावासकट. भाऊ स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यापाशी वर्षभरात संपला. हा टेबल टेनिसमध्ये आला.

हॉलमध्ये त्याची जागा ठरलेली. मोठ्या स्पर्धांत अंपायरच्या बाजूला टॉवेल ठेवायला चौकोनी डबा असतो. टीव्हीवर सामना पाहणाऱ्यांनी तो पाहिला असेल. जिल्हा पातळीवर डबाबिबा नसतो. टेबलाभोवती जे बुटके पडदे लावलेले असतात त्यांच्यावर त्याला टाकतात, नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर. तिथून त्याला टेबल आडवं दिसतं, पावणेतीन मीटर लांबीचं, मधे वीतभरही नाही एवढं नेट. आणि दोन्ही बाजूंना पाय. चेहरे त्याला फक्त पुसण्यापुरते भेटतात. पाय मात्र तो सतत बघत असतो, आणि घाबरलेल्या खेळाडूचे पाय चेहऱ्याच्या आधी बोलतात. जमिनीला चिकटतात. गुडघे सरळ होतात. माणूस उभा राहतो, म्हणजे खरोखरच नुसता उभा राहतो, खेळायचं सोडून.

स्वभाव अबोल. पूर्ण हॉलमध्ये सल्ला न देणारा एवढा एकच.

टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅम वजनाचा. पंख्याच्या झुळुकीनेही तो वाट सोडतो, म्हणून मॅचेस सुरू झाल्या की हॉलमधले पंखे बंद करतात. खिडक्या बंद, उजेड नको म्हणून त्यांच्यावर कागद किंवा पडदे. मे महिन्याच्या सुट्टीत अशा हॉलमध्ये घाम यायला खेळायचीही गरज नसते. नुसतं बाकावर बसलं तरी पुरे. त्यामुळे नॅपकिनच्या अस्तित्वाला एक साधं, सभ्य कारण मिळालेलं आहे: उकडतंय. ते सगळ्यांच्याच सोयीचं. मुलगी हात पुसते, आई म्हणते, ‘किती गरम होतंय नाही इथे!’ मुलगी म्हणते, ‘हो ना.’ विषय संपला.

नॅपकिन मात्र फसत नाही. उकाड्याचा घाम कपाळावर, मानेवर, पाठीवर येतो. भीतीचा घाम तळहातावर येतो. तळहात आणि तळपाय इथे घामाच्या ग्रंथी फार दाट असतात, आणि त्या हवेच्या तापमानापेक्षा मनाच्या हवामानाचं जास्त ऐकतात. डिसेंबरातल्या सकाळी, स्वेटर अंगात असताना, एकही चेंडू मारायच्या आधी जो हात ओला आणि थंडगार होतो तो उकाड्याने होत नाही. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींनी रक्तात अॅड्रिनलिन सोडलेलं असतं. हृदय जोरात पळायला लागतं. रक्त त्वचेकडून आणि आतड्यांकडून काढून मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणून बोटं गार पडतात आणि पोटात गोळा येतो. श्वास पोटातून छातीत चढतो, उथळ होतो. सगळी तयारी पळून जाण्याची किंवा कुणाला तरी दोन हात दाखवण्याची. आणि करायचं काय असतं? तर समोरून आलेला एक पोकळ, हलका चेंडू नेटच्या पलीकडे अलगद, जेमतेम नेटलगत सोडायचा असतो.

इथेच या खेळाची खरी पंचाईत आहे. वजन उचलणाऱ्याला अंगातली ही आग उपयोगी पडते. कबड्डीत चढाईला जाणाऱ्यालाही पडते. टेबल टेनिसमध्ये तीच आग मनगटात शिरते. हात वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एरवी आळीपाळीने काम करतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. घाबरल्यावर दोघेही एकदम ओढायला लागतात. हात ताठ होतो, फटका अर्ध्यात थांबतो. रॅकेटची मूठ पहिल्यांदा स्कूटर शिकणारा माणूस हँडल धरतो तशी आवळली जाते. आवळली की बोटांना चेंडूचा स्पर्श कळेनासा होतो. सरावात डोळे मिटून घेतलेली शॉर्ट सर्व्हिस आता परत जाताना वीतभर उंच उडते, आणि समोरची पोरगी ती कोपऱ्यात मारून मोकळी होते. प्रशिक्षकांच्या भाषेत याला ‘हात आखडला’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉलमध्ये जा, कडेला उभे असलेले सर दोन शब्द सारखे म्हणत असतात: ‘हात सोड!’

हात सोड म्हणणं सोपं. सोडायचा कसा, ते हाताला ठाऊक नसतं. हाताला आज्ञा कळत नाही, कृती कळते. हे मी नॅपकिनकडून शिकलो असं म्हटलं तर सर रागावतील, पण आहे ते असं आहे.

लोकांना वाटतं त्याचं काम मॅचमध्ये सुरू होतं. खरी ड्यूटी त्याआधीची, आणि तीच लांबलचक. स्पर्धेच्या पत्रकात सकाळी आठ वाजता हजेरी लिहिलेली असते. आठ वाजता हॉलचं कुलूप उघडलेलं असलं तरी नशीब. मग भिंतीवर ड्रॉचा कागद चिकटतो, त्याभोवती पालकांची झुंबड, नावावर बोट ठेवून ‘अरे देवा, पहिल्याच राउंडला सीडेड’ असे उद्गार. साडेआठला वॉर्मअप. अंग तापतं, हात छान सुटतो. आणि मग काहीच होत नाही. तीन नंबरच्या टेबलावर दोन बचाववाले खेळाडू एकमेकांना चॉप करत बसलेले असतात, मागचं वेळापत्रक कोलमडतं. साडेनऊ होतात, अकरा होतात. अंग गार होत जातं आणि पोट तापत जातं. माइकवर कुठलंही नाव पुकारलं तरी पोरं दचकतात. कुणी चौथ्यांदा बाथरूमला जाऊन येतं. कुणी उगाच हसत सुटतं. माझी भाची गप्प होते, आणि मांडीवरच्या नॅपकिनचा एक कोपरा बोटाभोवती गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत राहते. त्या उसवलेल्या शिवणीचा इतिहास हा असा आहे. धुण्याने ती उसवलेली नाही.

अशा वेळी माझी ताई शेजारी येऊन बसते आणि म्हणते, ‘टेन्शन कसलं घेतेस गं? शांत हो बघू.’ प्रेमाने म्हणते. जगातली प्रत्येक आई हेच म्हणते. पण धडधडणाऱ्या छातीला शांत हो सांगून ती शांत झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उलट, आता टेन्शनचंही टेन्शन. हार्वर्डमधल्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली याच गोष्टीवर प्रयोग प्रसिद्ध केले. कॅराओकेवर गाणं म्हणायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलेल्या माणसांपैकी ज्यांनी स्वतःला ‘मी शांत आहे’ असं सांगितलं त्यांच्यापेक्षा ‘मला जोश आलाय’ असं सांगितलेल्यांची कामगिरी सरस झाली. धडधड तीच, फक्त तिची ओळख बदलून दिली. मला हे पटतं, कारण शरीराला एकदम खाली उतरवण्यापेक्षा आहे त्याच पायरीवर दुसरं नाव देणं कमी खर्चाचं. ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘तुझं तू खेळाडूंना शिकव, मला माझ्या मुलीशी बोलू दे.’ तेही बरोबरच.

सरांचं वेगळं. ते टेन्शन हा शब्दच काढत नाहीत. येतात, उभं करतात, काम सांगतात. ‘खांदे कानाला लाव. अजून वर. धरून ठेव. धर, धर... टाक खाली!’ खांदे धप्पकन पडतात. ‘परत.’ मग जबडा घट्ट आवळायला लावतात आणि तोंड आ करून सोडायला लावतात. दात दाबून ठेवले की मान आणि खांदाही ताठ होतो, हे पोरांच्या लक्षातच येत नाही. मग नॅपकिनची पाळी. दोन्ही टोकं दोन हातांत धरून कोरडाच पिळायचा. जोर लावून, पुढचे हात थरथरेपर्यंत. आणि एकदम सोडून द्यायचा. बोटं झटकायची. ‘आता कळलं, सोडलेला हात कसा असतो?’ घट्ट म्हणजे काय ते आधी मुद्दाम करून बघितल्याशिवाय सैल म्हणजे काय ते स्नायूला उमजत नाही. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने हे तत्त्व पद्धतशीर मांडून १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आमच्या सरांनी ते वाचलं असण्याची शक्यता कमी. त्यांना ते त्यांच्या सरांकडून आलं. पिळून घेण्याची ही सेवा नॅपकिन बिनतक्रार करतो. आठवड्यातून एकदा बाईच्या हातून पिळून घेतो, बाकी दिवस मुलीच्या.

पुढे कधीतरी वाचनात आलं की म्युनिकच्या काही संशोधकांनी २०१३ मध्ये उजव्या हाताच्या खेळाडूंना दडपणाच्या प्रसंगाआधी डाव्या हातात मऊ चेंडू दाबायला दिला होता. फुटबॉलची पेनल्टी, तायक्वांदो, बॅडमिंटन अशा तीन प्रकारांत त्यांनी हे करून बघितलं आणि डाव्या हाताने चेंडू दाबणाऱ्यांचा खेळ दडपणाखाली कमी ढासळला. टेबल टेनिस त्यात नव्हतं, आणि एका अभ्यासावर घर बांधू नये हेही खरं. पण रांगेत बसून डाव्या मुठीत नॅपकिनची गोळी दाबत राहण्याला खर्च शून्य आणि तोटा काही नाही, म्हणून मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मामा, मी ते आधीपासूनच करते.’

मग जागच्या जागी दोरीच्या उड्या. हॉलच्या मागच्या व्हरांड्यात, चपलांच्या ढिगाशेजारी. पळायला सज्ज झालेल्या पायांना थोडं पळू दिलं की ते जरा ऐकतात. हवेतच फोरहँड, बॅकहँड, चेंडूशिवाय. आणि श्वास: आत घ्यायला जेवढा वेळ, सोडायला त्याच्या दुप्पट. श्वास सोडताना हृदयाची गती आपसूक थोडी उतरते, हा शरीराचाच नियम आहे. त्यामुळे सोडणं लांबवलं की उतार लांबतो. यात नॅपकिनचा उपयोग असा की त्यात तोंड खुपसून श्वास सोडला तर कुणाला कळत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना सगळ्यांसमोर डोळे मिटून प्राणायाम करायची लाज वाटते. तोंड पुसायची वाटत नाही.

आणि मग नाव पुकारतात. टेबलावर सरावाला दोनच मिनिटं, आणि लगेच लव्ह-ऑल.

इथून पुढे नॅपकिन नियमात येतो. टेबल टेनिसच्या नियमांत त्याच्यासाठी खास कलम आहे: गेमच्या सुरुवातीपासून दर सहा पॉइंटांनंतर थोडा वेळ टॉवेल घेता येतो, आणि शेवटच्या निर्णायक गेममध्ये बाजू बदलताना आणखी एकदा. मधे हात पुसायला निघालात तर अंपायर हाताने परत बोलावतो. वेळ काढतोय असं वाटलं तर ताकीद. त्यामुळे पोरांना सहाचा पाढा शाळेपेक्षा इथे लवकर येतो. तीन-तीन. चार-दोन. पाच-एक. सहा-शून्य असेल तर नॅपकिनकडे जाणाऱ्या दोघींच्या चालीतच फरक असतो. एक तरंगत येते, दुसरी त्याच्या आत तोंड लपवायला येते. तो दोघींनाही सारखाच. म्हणजे प्रत्येकीला आपापला.

त्याच्याकडे लोक येतात त्या तऱ्हा बघण्यासारख्या. काही जण फक्त पुसतात. खरोखरचा घाम, खरोखरचं पुसणं, पाच सेकंद, परत. अशा लोकांचा मला हेवा वाटतो. काही जण नॅपकिन उचलतात, रागाने चेहऱ्यावर रगडतात आणि फेकतात. तो अर्धा पडद्यावर, अर्धा जमिनीवर लोंबकळत राहतो. काही धूर्त. समोरच्याचे लागोपाठ चार पॉइंट आलेत, त्याची लय बसलीय, म्हणजे आता मान, मग कान, मग कोपर, मग रॅकेटचं हँडल असं सावकाश, बारकाईने पुसायचं. यात बेकायदा काही नाही, पण नॅपकिनला हे आवडत नसावं असं मी मानतो. काही नवखे त्यानेच रॅकेटचं रबरही पुसतात आणि टेरीची लव रबराला चिकटून बसते, मग पुढची सर्व्हिस फिरतच नाही. आणि काही, फार थोडे, त्याच्याकडे जाताना चालणं मुद्दाम संथ करतात. तोंड पुसतात, त्यातच एक लांब श्वास सोडतात. रॅकेट डाव्या हातात घेऊन उजवा हात खाली सोडून झटकतात. तळहात पुसतात, मग हँडल पुसतात. परत येताना रॅकेट पुन्हा धरतात ती नव्याने, जणू आजच पहिल्यांदा हातात घेतली. मूठ अशी नव्याने धरणं, हेच त्या सगळ्या फेरीचं फळ. ज्याला सर्व्हिस करायची आहे तो तर मागची तीन बोटं हँडलवरून सोडवतोच, मनगट फिरायला मोकळं हवं म्हणून. नॅपकिनकडे गेलेल्याचा हात त्या तीन बोटांसकट सैल होऊन परत आला की समजावं, मॅच अजून हातात आहे.

खेळाडूंची आणखी एक सवय होती, नेटजवळच्या कोपऱ्यात टेबलावर तळहात घासायची. चेंडू तिथे सहसा पडत नाही, म्हणून ती जागा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनामुळे टेबलावर हात पुसायला आणि चेंडूवर फुंकर मारायला बंदी घातली गेली. तेव्हा जगातले अव्वल खेळाडू हात टेबलाकडे नेऊन अर्ध्यात मागे घेताना दिसायचे. तिथे काही घाम पुसण्याचा प्रश्न नव्हता. सवयीचं एक बोट काढून घेतलं होतं, आणि हात पोरका झाला होता. खेळाडूच्या अंगात अशा बारीकसारीक गोष्टी फार खोल गेलेल्या असतात. बाहेरचे त्याला अंधश्रद्धा म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. दोन पॉइंटांच्या मधल्या रिकाम्या जागेत मन भलतीकडे जातं, म्हणून हाताला काम दिलेलं असतं.

त्या रिकाम्या जागाही पूर्वीपेक्षा महाग झाल्या आहेत. पूर्वी गेम २१ पॉइंटांचा होता. पहिले पाच-सहा पॉइंट हात आखडलेला असला तरी चालायचं. पुढे भरपूर रान होतं. २००१ पासून गेम ११ चा झाला. आता थरथर थांबेपर्यंत अर्धा गेम गेलेला असतो. त्याच्या आधल्याच वर्षी चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला होता, थोडा मंद, टीव्हीवर दिसावा म्हणून. पण लहान गेमने जी धांदल उडवली ती मोठ्या चेंडूने भरून निघाली नाही. जुन्या पिढीतले खेळाडू भेटले की म्हणतात, आमच्या वेळी मॅचमध्ये सेटल व्हायला वेळ मिळायचा. आता सेटल होऊनच यावं लागतं. म्हणजे नॅपकिनची आधीची ड्यूटी, व्हरांड्यातली, वाढली.

मुंबईकरांना एक आठवण सांगायला हवी. १९५२ साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली होती, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. त्या काळच्या दाणेदार रबरावर चेंडू ‘टक’ वाजायचा, आणि समोरचा खेळाडू त्या आवाजावरून फटक्याचा अंदाज घ्यायचा. सातोच्या स्पंजने आवाजच गिळला. भलेभले गोंधळले. अंदाज हरवला की अंग ताठ होतं, त्याला काळजाचा कमकुवतपणा लागत नाही. आजही ड्रॉमध्ये अनोळखी नाव आलं, त्यातून ते दाणेवाल्या रबराने खेळणारं निघालं, की आमच्या हॉलमधले नॅपकिन जास्त पिळले जातात.

नॅपकिनपाशी पूर्वी एकांत असायचा. पॉइंटांच्या मधे प्रशिक्षकाने बोलायचं नाही असा नियम होता; गेम संपल्यावरच्या मिनिटभरात काय ते सांगायचं. ऑक्टोबर २०१६ पासून नियम सैल झाला, रॅली चालू नसेल तेव्हा सल्ला देता येतो. झालं. आता पोर नॅपकिनकडे वळलं रे वळलं की कडेने आवाज येतो: ‘बॅकहँडला टाक! पाय हलव! घाई नको! अटॅक कर!’ घाई नको आणि अटॅक कर हे एकाच श्वासात. खुर्चीवर बसलेल्या सरांचं एक वेळ ठीक. पण त्यांच्या मागे स्टँडमध्ये बाबा असतात, काका असतात, शेजारच्या क्लबचे हितचिंतक असतात, आणि त्यांना नियम लागू नाही असं त्यांना वाटतं. नॅपकिनच्या आत तोंड असलेल्या पोराला त्या क्षणी फक्त स्वतःचा श्वास ऐकू यायला हवा. त्याला ऐकू येतो बाबांचा.

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, २०२२ मध्ये, शरथ कमल पुरुष एकेरीची अंतिम मॅच खेळला तेव्हा तो चाळिशीचा होता. समोर इंग्लंडचा लियम पिचफोर्ड, घरच्या प्रेक्षकांसमोर. पहिला गेम शरथने ११-१३ असा घालवला. मेलबर्नला २००६ मध्ये हेच सुवर्ण त्याने जिंकलं होतं. मधे सोळा वर्षं गेली होती. पुढचे चारही गेम त्याने घेतले. मला त्या मॅचमधलं लक्षात राहिलं ते असं की पहिल्या गेमनंतर त्याचा हात लहान झाला नाही. चिडलेला किंवा घाबरलेला माणूस पुढच्या गेममध्ये चेंडू ढकलायला लागतो. हा मारतच राहिला, फटका पूर्ण करत राहिला. इतक्या वर्षांत भीती गेली असेल असं मला वाटत नाही. तिच्यासकट हात सैल ठेवायची सवय जडली असेल.

भीती जावी असा आग्रहच चुकीचा. मॅचआधी ज्याला काहीच होत नाही त्याचे पाय सुस्त पडतात, पहिले चार पॉइंट तो झोपेत देऊन टाकतो. नॅपकिन कोरडा राहिलेल्या दिवशी माझी भाची कधी चांगली खेळली नाही. तो चिंब झाला तेव्हाही नाही. मधल्या ओलाव्याचा दिवस तिचा.

आता त्याची एक उणीव, चित्र पुरं व्हायचं तर सांगायलाच हवी. सहाच्या पाढ्यात अठरा येतात: नऊ-नऊ, किंवा दहा-आठ. तिथे नॅपकिन भेटतो. त्यानंतर थेट चोवीस, म्हणजे बारा-बारा. मधला ड्यूस, दहा-दहा, अकरा-अकरा, जिथे सर्व्हिस एकेक होते, जिथे जीभ टाळूला चिकटते आणि हॉलमधला प्रत्येक आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, तिथे तो उपलब्ध नाही. पडद्यावर लोंबकळत नुसता बघत असतो. नियम करणाऱ्यांनी हे ठरवून केलं नसणार, आकड्यांचा योगायोग. पण जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तिथेच दारं बंद.

एका जिल्हा स्पर्धेत मी भाचीला दहा-दहावर पाहिलं. तिचा हात नॅपकिनकडे गेला, अंपायरने नकारार्थी मान हलवली. ती परत फिरली. सर्व्हिसच्या जागी उभी राहिली, चेंडू डाव्या तळहातावर ठेवला. उजव्या हाताची बोटं हँडलवर एकदा उघडली आणि मिटली. खांदे वर गेले, पडले. तोंड जरासं उघडून लांब श्वास सोडला. हे सगळं दोन-तीन सेकंदांत, आणि बघणाऱ्याला दिसूही नये इतकं लहान. नॅपकिनकडे जाऊन जे करायचं तेच तिने न जाता केलं. तो पॉइंट तिला मिळाला. पुढचे तीन गेले, आणि गेमही गेला. मॅच संपल्यावर ती चिडली होती, पण मला म्हणाली, ‘हात सुटलेला होता, मामा. तिने चांगले मारले.’ हरल्यावर एवढं स्वच्छ वाक्य मी मोठ्यांकडूनही फार ऐकलेलं नाही.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती. पोर नॅपकिनकडे वळेल तेव्हा तोंड मिटून बसा. तो वेळ तुमचा नाही. सकाळच्या पिशवीत एकाऐवजी दोन नॅपकिन द्या, एक व्हरांड्यात पिळायला आणि एक टेबलापाशी कोरडा. अगदी नवा देऊ नका, नव्याची लव निघते. आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. आणि धुताना त्यात सुवासिक फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याने टॉवेल मऊ लागतो, पण पाणी शोषत नाही.